गोठ्यावर प्रशासक

माणूस कामानं थकत नाही हो, एकच गोष्ट शंभर जणांना शंभरदा सांगून थकतो. सत्यशीलाचं तसंच झालं होतं. "दादा, तो बोकड इकला. हां, फोटू दिसून राह्यला, बराबर हे तुमचं, पण इकला तो." हे वाक्य तिच्या जिभेवर इतकं बसलं होतं की भाकरी थापताना कुणी हाक मारली तरी तोंडातून आधी तेच बाहेर पडायचं.

जाफराबादहून भोकरदनच्या वाटेला लागलं की डाव्या अंगाला निळ्या पत्र्याचा लांब गोठा दिसतो. तो तिच्या सासऱ्याचा. कारभारी हे त्यांचं पाळण्यातलंच नाव. त्यांच्या वाडवडलांनी मेंढरांमागं पायपीट करण्यात जन्म काढले. कारभारींनी ठरवलं, आता आपण नाही फिरायचं, गिऱ्हाईक आपल्याकडं आलं पाहिजे. आणि आलं की! उस्मानाबादी जातीचे पैदाशीचे बोकड न्यायला पार चिखली, देऊळगाव राजा, लोणारहून लोक येऊ लागले. येत ते वेबसाईटवरचे फोटो पाहून, आणि सगळी कटकट तिथूनच सुरू होत होती.

ती वेबसाईट रामेश्वरनं, म्हणजे सत्यशीलाच्या नवऱ्यानं, शहरातल्या एका कंपनीकडून करून घेतली होती. दिसायला झकास. पण तिच्यातलं एक अक्षर इकडचं तिकडं करायचं तर कंपनीच्या हातापाया पडावं लागे. फोनवर सुमित नावाचा एक गोडबोल्या असायचा. काही सांगितलं की म्हणायचा, "मॅडम, तिकीट टाका."

"तिकीट?" पहिल्यांदा हे ऐकल्यावर कारभारी म्हणाले होते. "येष्टीनं जायचं हे का कुठं?"

तिकीट म्हणजे तक्रार लिहून पाठवायची आणि वाट बघत बसायचं. कंपनीला सवड झाली की विकलेल्या बोकडाचा फोटो खाली उतरणार. तोवर बोकड कधीचा दुसऱ्याच्या दावणीला गेलेला, आणि वेबसाईटवर मात्र मान ताठ करून उभा. गिऱ्हाईक गाडी करून यायचं, बोकड नाही म्हटल्यावर फाटकातच तमाशा मांडायचं. रामेश्वर पिकअप घेऊन बाजारात. कारभारींचे गुडघे गेलेले, सासूबाईंना ऐकायला कमी. मग शिव्या खायला उरलं कोण? लोणारचा एकजण तर तिच्या तोंडावर म्हणून गेला, "बाईमानूस फाटकावर उभं करून लोकायला लुबाडता का बे?" त्या दिवशी सत्यशीला कडब्याच्या गंजीमागं जाऊन रडली, आणि डोळे पुसून पुन्हा फोन उचलायला आली. करते काय!

त्या कंपनीचा करार यंदा संपत आला. वेबसाईट नव्यानं उभी करायची, तर तिच्यातले फोटो नि मजकूर बदलायची आतली व्यवस्था कोणती घ्यायची, यावर घरात दिवाळीपासून खल चालला होता. त्या व्यवस्थेला हे कॉम्प्युटरवाले सीएमएस म्हणतात. सासूबाईंनी, आशाबाईंनी, ते ऐकलं आणि विचारलं, "शीयेम? शीयेम कशाला येतो आपल्या गोठ्यावर?"

सत्यशीलाचं म्हणणं एवढंच होतं. जो बोकड दावणीवरून सुटला तो त्याच घडीला मला माझ्या हातानं वेबसाईटवरून उतरवता आला पाहिजे. रंग कसला द्यायचा तो द्या, नाव कुणाचं मोठं टाकायचं ते टाका. मला फक्त विकलेलं जनावर खाली उतरवू द्या. पण धंदा कारभारींचा, आणि शेवटचा शब्दही त्यांचाच.

"कंपनीचीच नवीन सिस्टीम घेऊ," रामेश्वर जेवताना म्हणाला. "लई भारी दिसते. फोटू गोल फिरतो त्याच्यात."

"आन् उतरवायचा कुनी?" सत्यशीलानं विचारलं.

"तिकीट टाकायचं ना."

तिनं त्याच्या ताटात भाजी जरा जोरातच वाढली.

मग रामेश्वरनंच मोबाईलवर आणखी एक हुडकून काढलं. महिन्याच्या भाड्यानं मिळणारं तयार दुकान. आपणच बोटानं चौकोन सरकवायचे, फोटो टाकायचे. सत्यशीलानं दोन दिवस ते करून पाहिलं. सगळं इंग्रजीत. एकदा बोट चुकून सरकलं आणि शेळ्यांच्या जागी कुठल्या तरी गोऱ्या बाईचा कॉफी पितानाचा फोटो आला, तो काही केल्या जाईना. कारभारींना त्याचं काही नव्हतं. त्यांनी एकच विचारलं, "भाडं थकलं तं?"

"मंग बंद करतेत ते."

"भाड्याच्या जागेत कोनी गोठा बांधतं का रे? काढ ते."

राहता राहिली ज्योत्स्ना. ज्योत्स्ना म्हणजे तातेराव गुरुजींची मुलगी. पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत काही वर्षं काढून परत आलेली, आता जाफराबादला स्टँडमागं क्लास चालवते आणि दुकानदारांच्या वेबसाईटी करून देते. रामेश्वर गुरुजींच्या हाताखाली शिकलेला, म्हणून कारभारींना त्या घराबद्दल आदर. ज्योत्स्नाचं म्हणणं होतं की जगभर चालणारी एक फुकटातली सिस्टीम आहे, ती आपल्या नावावर राहते, आणि मुख्य म्हणजे तिचा सगळा पडदा मराठीत करता येतो. सत्यशीलानं गुपचूप तिच्या क्लासवर जाऊन ते पाहिलं. बोकडाच्या फोटोखाली 'विकला' असं बटण करून मिळणार होतं. दाबलं की फोटो खाली. तिला तिथं खुर्चीत बसल्या बसल्या भरून आलं. बटण पाहून रडणारी बाई ज्योत्स्नानं पहिल्यांदाच पाहिली असेल.

"घरी येऊन दाखवते मी काकांना," ज्योत्स्ना म्हणाली. "आधी नमुना म्हणून तुमच्या घरच्यांची नावं टाकून ठेवते. कुणाला कितपत अधिकार द्यायचे?"

"मला सगळे द्या. यांना फोटू टाकता आले पाह्यजे. आन् मामांना…" सत्यशीला घुटमळली. "मामांना नुसतं पाहता आलं म्हंजे झालं. चुकून बोट लागलं त सगळं उडायचं."

ज्योत्स्नानं तसं करून टाकलं. कुणी कुणाला विचारलं नाही.

शुक्रवारी दुपारी ज्योत्स्ना स्कूटीवरून लॅपटॉप घेऊन आली. ओसरीत बाज टाकली, बाजेवर पाट, पाटावर लॅपटॉप. कारभारी चष्मा लावून समोर बसले. आशाबाई खालीच सुपात डाळ निवडत होत्या. रामेश्वरही त्या दिवशी घरी होता, तोंड पाडून का होईना.

सुरुवात तर छान झाली. बोकडांचे फोटो आले. कारभारींनी प्रत्येकाला ओळखलं. बाजारात जनावराचे दात पाहावेत तसे ते त्या सिस्टीमला प्रश्न विचारू लागले. वीज गेली तर काय? मोबाईलवर दिसतं का? आणि मग म्हणाले, "ह्याच्यात लिव्हलेलं पुसायचा हक कुनाला हे?"

एवढा नेमका प्रश्न रामेश्वरला सुचला नव्हता, कंपनीच्या सुमितला कुणी विचारला नव्हता. ज्योत्स्ना खूश झाली. "तेच दाखवते काका," म्हणाली आणि तिनं माणसांच्या नावांचं पान उघडलं. सगळं शुद्ध मराठीत. कारभारी एकेक अक्षर बोटानं जोडत मोठ्यानं वाचू लागले.

"रामेश्वर. सं-पा-दक." त्यांनी मुलाकडं पाहिलं. "पेपर काढून राह्यला का रे तू?"

रामेश्वर हसला. सत्यशीलाही हसली. मग बोट खालच्या ओळीवर गेलं.

"सत्यशीला. प्र-शा-सक."

बोट तिथंच थांबलं.

आता परगावच्या माणसाला हा शब्द साधा वाटेल. त्या सिस्टीमचं मराठी ज्यांनी केलं त्यांनाही साधाच वाटला असेल, सगळे अधिकार ज्याला तो प्रशासक, संपलं. पण खेड्यात विचारा. सोसायटी असो, ग्रामपंचायत असो की बाजार समिती, निवडून आलेल्यांना घरी बसवून सरकार आपला माणूस खुर्चीवर बसवतं, त्याला प्रशासक म्हणतात. 'प्रशासक बसला' म्हटलं की गाव समजतं, इथं काहीतरी काळंबेरं झालंय. आणि कारभारींवर तो बसला होता. गावच्या सोसायटीचे ते चेअरमन असताना संचालकांत दोन तट पडले, बैठकाच होईनात, आणि एके सकाळी हे किल्ली घेऊन ऑफिस उघडायला गेले तर दाराला कागद चिकटवलेला. प्रशासक नेमला आहे. दारात उभं राहून त्यांनी तो स्वतःच वाचला, मागं दहा माणसं. खाल्लं एका पैचंही नव्हतं. पण त्या दिवसापासून कारभारी सोसायटीच्या गल्लीनं जात नाहीत. मारुतीला जायचं तरी ओढ्याकडून वळसा घालून जातात.

"काका, त्याचा अर्थ इथं तसा…" ज्योत्स्नाला चूक लक्षात आली.

"थांब बाई." बोट आणखी खाली सरकलं. "कारभारी. व-र्ग-णी-दार."

नुसतं पाहायचा अधिकार ज्याला, त्याला ती सिस्टीम वर्गणीदार म्हणते. खाली आशाबाईंचं सूप चालूच होतं.

"वर्गनीदार," कारभारी पुन्हा म्हणाले. "म्हंजे गनपतीची पावती फाडायला पोरं येतेत, तसा मी. माझ्याच घरात. आन् माझ्या जित्तेपनी माझ्या गोठ्यावर प्रशासक बसवला." त्यांनी चष्मा काढला. आवाज चढला नव्हता, उलट बसला होता, आणि तेच वाईट होतं. "निदान आधी सांगायचं तरी. ह्या टायमाला बी मीच वाचून काढायचं?"

 आपण काय करून बसलो ते सत्यशीलाला कळलं. पण बोलायला तोंड उघडायच्या आत कारभारी उठलेसुद्धा.

"शहरातल्या कंपनीचंच घ्या रे रामेश्वर. तिथं घरातलं कोनीच मालक न्हाई, ते बरं." आणि ज्योत्स्नाकडं वळून, "तुझा राग न्हाई पोरी. गुर्जीला रामराम सांग. च्या पिऊन जा."

झालं. खेळ खलास. रामेश्वरनं लगेच मोबाईल काढला. ज्योत्स्ना वायर गुंडाळू लागली. आणि सत्यशीला? सत्यशीला चहा ठेवायला आत गेली, कारण सांगितलं होतं ना, चहा पिऊन जा म्हणून. चुलीपुढं उभी राहिली आणि तिला पुढचं सगळं वर्ष दिसलं. पुन्हा तिकीट. पुन्हा फाटक. पुन्हा 'दादा, तो इकला'. पुन्हा कुणीतरी लोणारवाला. तिला राग यायला हवा होता, पण राग यायलासुद्धा अंगात काही उरलं पाहिजे. तिला फक्त तिथंच, त्या मातीवर, आडवं पडून राहावंसं वाटलं.

चहा घेऊन ती बाहेर आली. कारभारींसमोर कप धरला. आणि तो देता देताच बोलायला लागली. मोठ्यानं नाही. आवाज काढायची ताकद कुणात होती?

"मामा, चुकलं माझं. तुम्हाला इचारायला पाह्यजे होतं, न्हाई इचारलं. पण एक सांगते. तुमच्यावर प्रशासक एकदा बसला, तुमी अजून त्या गल्लीनं जात न्हाई. माझ्यावर तं ह्या घरात आल्यापासून बसलेला हे."

"ए, काय बोलून राह्यली तू?" रामेश्वर उठला.

"बोलू द्या मला. कोन्ता बोकड कवा इकायचा, मला इचारलं? वेबसाईट कुनाकून करायची, मला इचारलं? फाटकावर शिव्या खायच्या टायमाला तेवढी सत्यशीला पाह्यजे. त्या लोनारवाल्यानं मला काय म्हनलं ते म्या तुम्हाला सांगितलं बी न्हाई. तुमी दुसऱ्या गल्लीनं जाता, मामा. मी कोन्त्या गल्लीनं जाऊ? फाटक तं एकच हे."

कपातला चहा हिंदकळून बशीत आला होता. कारभारींनी कप घेतला, पण प्यायला नाही. ज्योत्स्ना वायर हातात धरून तशीच उभी. रामेश्वर फाटकाकडं पाहू लागला, जणू ते आजच बसवलंय.

कारभारी म्हणाले, "काय म्हनला व्हता तो लोनारवाला?"

तिनं सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला. कारभारींनी ऐकलं आणि बशीतला चहा खाली ओतून टाकला.

"ज्योत्स्ना, हे नाव बदलता येतं का ह्याच्यात? प्रशासक?"

"येतं ना काका! काय पाहिजे ते लिहिते."

"मंग बदल. प्रशासक माझ्या उंबऱ्याच्या आत नको."

"काय लिहू?"

आता आली का पंचाईत! "मालकीन लिव्ह," रामेश्वर म्हणाला, जरा सावरून घ्यायला. आशाबाईंचे कान नको तेव्हा बरोबर चालतात. सूप थांबलं. "मालकीन? आन् मंग मी कोन?"

"बरं, कारभारीन लिव्ह."

"आता गं बया!" आशाबाईंनी सूपच खाली ठेवलं. "कारभाऱ्याची कारभारीन मी. म्या जित्ती हे अजून!"

ज्योत्स्नाला हसू आवरेना, तिनं तोंडाला ओढणी लावली. कारभारींच्याही मिशा हलल्या. "ह्या घरात दोन कारभारनी झाल्या तं मला घरी यायची चोरी होईल," ते म्हणाले, आणि मग सुनेकडं वळले. "तूच सांग. ही सिस्टीम ज्याच्या हातात, त्याला आपल्यात काय म्हनतेत? सगळा व्यवहार पाहतो, सगळ्यायला उत्तर देतो, त्याला?"

सत्यशीलाला शब्द माहीत होता. तिथल्या प्रत्येकाला माहीत होता. पण तो तिला उच्चारता येत नव्हता. सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं. रेशनच्या दुकानात, बँकेत, दवाखान्यात, कुठंही 'सासऱ्याचं नाव?' म्हटलं की ती कागद पुढं ओढून लिहून द्यायची. घरचा कारभार म्हणायची वेळ आली तरी 'घरचं सगळं' म्हणायची. ती नुसती मान खाली घालून उभी राहिली.

"कारभारी," म्हातारा स्वतःच म्हणाला. "कारभारीच म्हनतेत. बाई आसो का गडी. लिव्ह ज्योत्स्ना. सत्यशीला, कारभारी."

ज्योत्स्नानं लिहिलं. पडद्यावर ते दोन शब्द शेजारी शेजारी उमटले. "आणि काका, तुम्हाला काय करू?"

"मला? ऱ्हाऊ दे वर्गनीदार. पावती घेऊन कोनी आलं तं पाहू."

तर अशी ती सिस्टीम ठरली. कंपनीच्या सुमितला रामेश्वरनं नाही म्हणून कळवलं. महिनाभरात ज्योत्स्नानं सगळं उभं करून दिलं. पहिला बोकड विकला त्या दिवशी सत्यशीलानं गोठ्यातच, शेणाचे हात धुऊन, 'विकला' दाबलं. फोटो गेला. तिला वाटलं होतं, आपल्याला लई आनंद होईल. तसं काही झालं नाही. नुसतं मोकळं वाटलं, आणि मग झोप आली. थकवा काय बटण दाबून उतरतो का? पण फाटकाशी तमाशे थांबले. फोन यायचे ते 'आहे का' असे यायचे, 'फसवलं' असे नाही. कारभारी आल्यागेल्याला सांगायचे, "आमच्या वेबसाईटवर दिसला तं हे म्हनून समजा. सून पाहते."

पोळ्याच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळीच एक शेळी अडली. करडू आडवं. जनावरांचा डॉक्टर दुसऱ्या गावाला गेलेला, रामेश्वर बाजारात. सत्यशीला गुडघ्यावर बसून, कोपरापर्यंत तेल लावून, आशाबाईंनी शेळी धरलेली, असं दुपारपर्यंत चाललं. मधेच रामेश्वरचा फोन. तिनं नाकानं बटण दाबून उचलला.

"तो पांढऱ्या कानाचा मोठा बोकड देला गं. हितंच, बाजारात. उतरव."

"हां, उतरवते," ती म्हणाली.

करडू आलं, जिवंत आलं. एकामागं आणखी एक होतं, तेही आलं. शेळीला गूळपाणी पाजलं. पिल्लं पुसून कोरडी केली. अंगावरचं लुगडं बदललं. चार घास खाल्ले. आणि भिंतीला टेकली तशी बसल्या जागी डोळा लागला.

जाग आली ती फाटकाच्या खडखडाटानं. बाहेर पिकअप उभी. चिखलीकडच्या नंबरची पाटी. आत ड्रायव्हरशेजारी एक बाई, मांडीवर लेकरू, आणि एक मजबूत माणूस उन्हात लालबुंद होऊन फाटक हलवत होता. मोबाईल उंच धरलेला.

"हा बोकड दाखवा! सकाळपासून फोन लावून राह्यलो, कोनी उचलत न्हाई. वेबसाईटवर दिसतो म्हनून आलो मी. बाजारात मानूस भेटला, म्हने तो तं सकाळीच गेला. लोकायला येड्यात काढता का? कोन हे हितला कारभारी? बाहेर काढा त्याला!"

सत्यशीलाला आठवलं. 'हां, उतरवते.' तिनंच म्हटलं होतं. कंपनी नाही, तिकीट नाही, सुमित नाही. चूक सरळ तिची. तिच्या हातात दिलेलं एकुलतं एक काम.

ओसरीत बाजेवर कारभारी जागे झाले होते. जन्मभर 'कारभारी कोण' म्हणून कुणी ओरडलं की हा माणूस उठलेला. आताही उठले. एका पायात वहाण घातली, काठी घेतली. सत्यशीलाला वाटलं, बरं झालं. खरंच वाटलं. जाऊ देत मामांना, म्हाताऱ्या माणसाला कोण काय बोलणार, आज मला नका पाठवू.

कारभारींनी फाटकाकडं पाहिलं. मग तिच्याकडं. मग पायातली वहाण काढली, काठी बाजेला टेकवली आणि खाली बसले.

क्षणभर तिला त्यांचा भयंकर राग आला. आणि मग कळलं की ते हात झटकत नाहीयेत. आपली जागा सोडून बसलेत ते, आणि ते बसणं त्यांना सोपं गेलेलं नाही. काठी टेकवली होती, पण तिच्यावरची मूठ अजून सुटली नव्हती. पुढं होऊन त्यांनी उत्तर दिलं असतं, तर उद्यापासून पुन्हा तेच कारभारी झाले असते.

तिनं पदर खोचला, तोंडावरून हात फिरवला आणि फाटकापर्यंत गेली. कडी काढली.

"अगं बाई, तुला न्हाई," तो माणूस म्हणाला. तिच्या खांद्यावरून तो मागं पाहू लागला, ओसरीकडं, बाजेवरच्या म्हाताऱ्याकडं. "घरात गडीमानूस हे ना? कारभाऱ्याला बोलव म्हनलं."

"कारभारी मीच हे," सत्यशीला म्हणाली. ते नाव तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. ते जड, परक्यासारखं निघालं आणि मागं ओसरीपर्यंत गेलं. "चूक बी माझीच हे, दादा. बोकड सकाळीच गेला, फोटू म्या उतरवला न्हाई. आधी ताईला आन् लेकराला सावलीत आना. मंग काय बोलायचं ते मला बोला."